स्टालिनच्या वकिलाचा चहा

दुखानच्या किनाऱ्यावर जायचं म्हणून स्वानंद बर्वेने सकाळीच गाडीत पेट्रोल भरून घेतलं होतं. वाटेत दोह्यातल्या नजमा भागात थांबून सेलीनताईंची एका रिपोर्टवर सही तेवढी घ्यायची होती. सही झाली, करक चहाही झाला. तो पायात बूट सरकवत होता, तोच बेल वाजली.

दारात आंद्रिया लोपीस उभी होती. अंगात नर्सचा गणवेश होता. ड्यूटीवरून थेट आली असावी. आत येऊन ती बसलीसुद्धा नाही.

"आंटी, सायमनवर आळ आलाय. विष घातल्याचा."

सेलीन तुस्कानो मूळच्या वसईच्या. मुंबईत विमा कंपन्यांसाठी खोटे दावे शोधण्यात उमेदीची वर्षं घालवली आणि आता दोह्यात तेच काम स्वतःच्या नावावर करत होत्या. पन्नाशी उलटलेली, आवाज मऊ, नजर मात्र सुईसारखी. स्वानंद त्यांचा मदतनीस. सांगलीचा मुलगा, आकडेमोडीत पक्का. "आकडे बरोबर, अंदाज चूक," असं सेलीनताई त्याच्याबद्दल म्हणायच्या, आणि त्याला ते फारसं लागायचं नाही, कारण खरं होतं.

"आधी पाणी पी," सेलीनताई म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांग."

आंद्रियाचा नवरा सायमन वेस्ट बे भागातल्या एका मोठ्या हॉटेलात रूम सर्व्हिसला होता. त्या हॉटेलात एक रशियन प्रोफेसर भाषणासाठी उतरले होते. बुधवारी दुपारी सायमनने त्यांच्या खोलीत चहा नेला. थोड्या वेळाने प्रोफेसर पलंगाशेजारी जमिनीवर बेशुद्ध सापडले. कानशिलाला जखम होती, पोटात झोपेच्या गोळ्यांचं औषध. चहाच्या कपातही तेच औषध निघालं.

"प्रोफेसर अजून शुद्धीवर नाहीत. पोलिसांनी सायमनचा पासपोर्ट घेतलाय. हॉटेलने घरी बसवलंय. स्टेफीला शाळेत मुली विचारतात, इज युवर डॅड अ मर्डरर? घरी येऊन ती माझ्याशी बोलतच नाही." आंद्रियाचा आवाज इथे फुटला. "आंटी, हा माणूस घरातली पालसुद्धा मारत नाही हो."

सेलीनताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "त्या हॉटेलच्या विमा कंपनीचा मला काल रात्रीच मेल आलाय. कार्यक्रम रद्द झाला, त्याचा दावा आहे. म्हणजे आत शिरायला वाट आहे. स्वानंद, दुखान काही पळून जात नाही."

स्वानंदने गाडीची किल्ली पुन्हा हातात घेतली.

गाडीत सेलीनताईंनी फोनवर प्रोफेसरांची माहिती वाचून दाखवली. अर्काडी बेरेझिन, वय सत्तरीच्या पुढचं. युरोपातली वर्तमानपत्रं त्यांना 'स्टालिनचा वकील' म्हणत. स्टालिन नसता तर हिटलर जिंकला असता, मागासलेला देश कारखान्यांवर उभा राहिला नसता, असा त्यांचा दावा. छळछावण्यांत मेलेल्यांचे आकडे शत्रूंनी फुगवलेले आहेत आणि जे मेले ते काळाची किंमत म्हणून मेले, हे ते पुस्तकामागून पुस्तकात मांडत आले होते. दोन विद्यापीठांनी त्यांना दारं बंद केली होती. तरी जिथे जातील तिथे सभागृह भरायचं. निम्मे लोक टाळ्या वाजवायला यायचे, निम्मे शिव्या द्यायला.

"असल्या माणसाला मारायला शंभर जण तयार असतील," स्वानंद म्हणाला.

"शंभर जण त्या खोलीत गेले नव्हते," सेलीनताई म्हणाल्या.

खोलीत कोण गेलं होतं, हे हॉटेलच्या सुरक्षा अधिकाऱ्याने लगेच सांगितलं. अरुणकुमार त्याचं नाव, केरळचा, चोख माणूस. खोलीचं कुलूप कार्डाने उघडायचं आणि प्रत्येक कार्डाची नोंद राहायची.

"जेवणानंतर प्रोफेसरांचा सहायक किरिल बाहेर पडला. त्यानंतर फक्त सायमनचं कार्ड लागलं. मग थेट किरिल परत आला तेव्हा त्याचं. मधे कोणीच नाही. मॅडम, सायमन चांगला माणूस आहे. पण मी काय करू?"

खोली म्हणजे दोन दालनं होती. बाहेर बैठक, आत झोपायची खोली, मधे जाड लाकडी दार. पोलिसांनी कप आणि किटली तपासायला नेली होती. बाकी सगळं जागच्या जागी होतं. अरुणकुमारने त्या दिवशीचे फोटो दाखवले. एका फोटोत पलंगाजवळ गालिच्यावर रिकामा कप. दुसऱ्यात बाहेरच्या टेबलावर ट्रे, त्यात किटली, लिंबाच्या फोडी, मधाची छोटी बरणी. बरणीच्या झाकणावरची कागदी पट्टी सरळ आणि स्वच्छ दिसत होती. हॉटेल टापटिपीचं आहे, असं स्वानंदच्या मनात आलं.

"किटलीतल्या चहातही औषध होतं?" सेलीनताईंनी विचारलं.

"नाही. पोलीस म्हणाले, फक्त कपाच्या तळाशी."

झोपायच्या खोलीत खुर्चीवर कापडाची एक पिशवी होती. स्वानंदने उघडून पाहिली. आत पावाचे तुकडे, भाजून दगडासारखे कडक केलेले.

"म्हाताऱ्याला टोस्ट फारच आवडत असणार," तो म्हणाला.

सेलीनताईंनी एक तुकडा उचलला, बोटाने टकटक करून पाहिला आणि परत ठेवला. "याचे दात कसे आहेत, ते अरुणकुमारना विचार."

"कवळी आहे मॅडम," अरुणकुमार म्हणाला. "रोज सकाळी ओटमील खायचे."

भाषणाचा आयोजक जियाद खाली लॉबीत भेटला. मूळचा बैरूतचा, दोह्यात परिसंवाद भरवण्याचा धंदा. एक फोन कानाला, दुसरा हातात. तो इंग्रजीत बोलत होता आणि दर दोन वाक्यांनंतर कपाळाला हात लावत होता.

"मी यांना बोलावलं हीच चूक. बोलावल्यावर निषेधाचे मेल, न बोलावावं तर भ्याड म्हणून शिव्या. त्यात बुधवारी सकाळी माइक तपासायला आले तर साउंडवाला रडकुंडीला आला. बटण शेवटपर्यंत फिरवलं तेव्हा कुठे शब्द कळायला लागले. बाहेर भट्टी आणि आत बर्फ, या आमच्या एसीने भलेभले गार होतात. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत बरं वाटेल, इन्शाल्ला."

"आणि दुपारी?"

"दुपारभर मी हॉलमध्ये, किरिल माझ्यासोबत. खुर्च्या, कॅमेरे, पाहुण्यांच्या जागा. तो हॉल सोडून कुठेही गेला नाही, हे मी पोलिसांना शपथेवर सांगितलंय. मग आम्ही दोघं त्यांना आणायला वर गेलो. कॉरिडॉरमध्ये मला प्रायोजकाचा फोन आला. त्या गृहस्थाला बोलणं आवरत नाही. किरिल पुढे होऊन आत गेला. फोन ठेवतोय तोच त्याची हाक आली. मी धावलो तर प्रोफेसर जमिनीवर, हाताशी कप."

"किरिल घाबरला होता?"

जियादने थोडा विचार केला. "पांढराफटक पडला होता. पण सावरला लवकर. ॲम्ब्युलन्स फाटकाबाहेर पडली नाही तोच म्हणाला, कार्यक्रम रद्द करू नका, मी त्यांचं भाषण वाचतो. मी म्हटलं, बाबा रे, खलास, पुरे आता. माणूस मरणाच्या दारात आहे आणि भाषण कसलं?"

किरिल त्याच्या खोलीत भेटला. तिशी ओलांडलेला, राखाडी सूट, बुटांना आरशासारखं पॉलिश. मांडीवर एक टॅबलेट होता. बोलताना त्याचा एक हात सारखा त्यावरच.

"हा प्रोफेसरांचा. त्यांची सगळी व्याख्यानं, सगळं काम यात आहे. खोलीत ठेवून चोरांच्या हाती देऊ?" तो स्वच्छ इंग्रजीत म्हणाला. "सतराव्या वर्षी मी त्यांचं पहिलं व्याख्यान ऐकलं. तेव्हापासून त्यांच्या सावलीत आहे. त्यांचं जेवण, औषधं, प्रवास, सगळं मी बघतो."

"बुधवारी दुपारी?"

"जेवणानंतर रक्तदाबाच्या गोळ्या दिल्या, रोजच्यासारख्या. ते भाषणाचा सराव करायला बसले. मी खाली गेलो. चहा येणार होता, म्हणून रूम सर्व्हिसला फोन करून सांगितलं, आत जाऊ नका, ट्रे बाहेर ठेवा. सरावात कोणी आलेलं त्यांना खपत नाही."

"झोपेच्या गोळ्या कुठे असतात?"

"त्यांच्या पलंगाशेजारच्या खणात. कोणालाही सापडतील."

"भाषण नवीन होतं?"

"सत्य नवीन नसतं, मॅडम," किरिल म्हणाला. "जे आयुष्यभर बोलले तेच. मला ते शब्दन् शब्द पाठ आहे." मग थोडं पुढे झुकून, "तुम्ही वेटरच्या मागे कशाला लागलाय? त्या दुभाषी बाईला विचारा, तिची आजी कुठे जन्मली ते."

रबिया ही ती दुभाषी. क्रिमियाच्या तातार कुळातली, पण वाढली ताश्कंदला. चाळिशीची, सडसडीत, दोह्यात राहून रशियन, इंग्रजी आणि अरबी तिन्ही भाषांत काम करणारी. आजीबद्दल विचारल्यावर ती जराही चिडली नाही.

"माझी आजी क्रिमियात जन्मली. स्टालिनच्या हुकमावरून आमच्या सगळ्या जमातीला मालगाड्यांत कोंबून उझबेकिस्तानात पाठवलं. वाटेत आजीचा धाकटा भाऊ गेला. त्याला कुठल्या स्टेशनवर उतरवलं, हे तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं."

"मग या माणसाचं काम कशाला घेतलंत?" स्वानंदच्या तोंडून निघून गेलं.

"दुसऱ्या कोणी घेतलं असतं तर त्याचे शब्द आणखी गोड करून सांगितले असते. मी जेवढं आहे तेवढंच सांगते. आणि या वेळी काहीतरी वेगळं वाटत होतं. आठवडाभर आम्ही सराव केला. पूर्वी ते स्टालिनचं नाव कधी नुसतं घेत नसत. 'विजयाचा शिल्पकार' म्हणत. या वेळी म्हणाले, फक्त आडनाव सांगा, विशेषण लावू नका. एकदा तर त्यांनी मला विचारलं, घरात पिशवी भरून ठेवतात त्या सुकवलेल्या पावाला अरबीत काय म्हणतात? मी विचारलं, का? त्यांनी विषय बदलला."

"बुधवारी दुपारी तुम्ही त्यांच्या दाराशी गेला होतात."

"हो. शेवटचा सराव ठरला होता. बेल वाजवली, दार उघडलं नाही. आतून त्यांचं भाषण ऐकू येत होतं. 'विजयाचा शिल्पकार', पुन्हा तेच. खणखणीत." रबियाने हाताची मूठ मिटली. "मला वाटलं, हा माणूस आठवडाभर माझी गंमत करत होता. मी तशीच परत फिरले. लिफ्टपाशी वेटर ट्रे घेऊन येताना दिसला. पोलिसांना मी हे सांगितलं, पण रागावले होते हे सांगितलं नाही. रागावलेली तातार बाई म्हटल्यावर ते पुढे काही ऐकणारच नाहीत."

सायमनला भेटायला ते पुन्हा नजमाला आले. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर येशूची तसबीर आणि खाली स्टेफीची बक्षिसं. सायमन सोफ्याच्या कडेला बसला होता, स्वतःच्याच घरात पाहुणा असल्यासारखा.

"माणूस चांगला होता तो," सायमन म्हणाला. "माझं नाव लक्षात ठेवायचा. मंगळवारी म्हणाला, शिळा पाव हवाय, अगदी कडक भाजलेला. शेफ हसला. मी म्हटलं, हसायचं काय, मागतोय तर देऊ. मंद आचेवर ओव्हनमध्ये सुकवला आणि पिशवीत घालून दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतली पिशवी. बुधवारी नाश्त्याला गेलो तर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, दुपारी चहा आण, मध विसरू नको. गळ्याला हात लावून दाखवलं."

"दुपारी काय झालं?"

"बाहेरच्या टेबलावर ट्रे ठेवला. आतलं दार बंद. आत साहेबांचं भाषण चाललेलं, दार भेदून येईल असा आवाज. रशियन मला काय कळणार? पण वाटलं, बरं झालं, साहेब रंगात आलेत. मी निघून आलो. एवढंच, आंटी. कुराण म्हणा, बायबल म्हणा, कशावरही हात ठेवायला तयार आहे."

"मधाची बरणी तू उघडून दिलीस?"

"नाही. ती पट्टी पाहुण्यानेच फाडायची, तसा नियम आहे. उघडी बरणी दिली तर आम्हाला मेमो मिळतो."

सेलीनताई उठल्या. आंद्रियाकडे बघून म्हणाल्या, "आज नीट जेवा सगळे."

गाडीत बसल्याबरोबर स्वानंदने आपला अंदाज मांडला. "रबियाच. तिने लिफ्टपाशी सायमनला बोलण्यात गुंतवलं आणि ट्रेमध्ये औषध टाकलं. कारण आहे, संधी आहे, आणि रागावल्याचं लपवलंही होतं."

"औषध कपात होतं. कोरड्या कपात पूड घेऊन सायमन पाहुण्याकडे गेला असता? तो कप पुसल्याशिवाय ठेवत नाही. रबियाला घालायचंच असतं तर किटलीत घातलं असतं. किटली स्वच्छ निघाली."

"मग सायमनने..." बोलता बोलता स्वानंद थांबला. त्या घरातला सोफ्याच्या कडेला बसलेला माणूस त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. "पण ताई, किरिल तर हॉलमध्ये होता. तो गेल्यावर प्रोफेसर धडधाकट बोलत होते, दोन साक्षीदार आहेत. मग उरलं कोण?"

"तू दोन्ही साक्षीदारांचं ऐकलंस," सेलीनताई म्हणाल्या, "पण तिसऱ्याचं विसरलास. जियादला फोन लाव. माइक तपासताना साउंडवाले रेकॉर्डिंग करतात का, ते विचार. आणि मला या तपासाच्या पोलीस कॅप्टनचा नंबर दे."

रविवारी दुपारी त्याच खोलीच्या बैठकीत सगळे जमले. पोलिसांचे कॅप्टन खिडकीपाशी उभे होते. तरुण, मोजकं बोलणारे कतारी गृहस्थ. जियाद, रबिया आणि किरिल सोफ्यांवर बसले होते. सायमन दाराजवळ उभाच राहिला. बस म्हटलं तरी बसेना. किरिलच्या खांद्याला बॅग होती.

"सगळे गप्प बसून फक्त ऐका," सेलीनताईंनी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी स्वानंदला खूण केली. तो आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

दाराआडून आवाज घुमू लागला. भारदस्त, ठाम, एकेक शब्द हातोड्यासारखा.

सायमन दचकून दोन पावलं पुढे आला. "हाच! असंच बोलत होते साहेब."

रबिया मात्र पांढरी पडली. "हे... 'विजयाचा शिल्पकार'. हेच वाक्य."

स्वानंद फोन हातात घेऊन बाहेर आला. आवाज त्या फोनमधून येत होता.

"हे प्रोफेसरांचं काही वर्षांपूर्वीचं व्याख्यान आहे," सेलीनताई म्हणाल्या. "इंटरनेटवर कोणालाही ऐकता येतं. आता दुसरं ऐका. हे बुधवारी सकाळचं, माइक तपासतानाचं."

स्वानंदने दुसरं रेकॉर्डिंग लावलं. आधी नुसती खरखर. मग एक घोगरी कुजबुज, खोकला, पुन्हा कुजबुज. जियादने डोळे मिटून मान हलवली.

"प्रोफेसरांचा घसा बुधवारी सकाळीच बसला होता. म्हणून जियादच्या साउंडवाल्याला बटण शेवटपर्यंत फिरवावं लागलं. म्हणून ते सायमनच्या कानाशी वाकून बोलले आणि गळ्याला हात लावून मध मागितला. असा माणूस दुपारी दार भेदून जाईल असं भाषण करेल? एकदाही न खोकता? आणि आठवडाभर जे विशेषण वापरायचं नाही म्हणत होते, तेच वापरून? सायमनने आणि रबियाने ऐकला तो प्रोफेसरांचाच आवाज. पण तो त्या दिवशीचा नव्हता."

स्वानंदला आता सगळं उलगडत गेलं, आणि आपण दोन दिवस त्या खणखणीत आवाजापाशीच अडून बसलो होतो, याची त्याला लाज वाटली.

"म्हणजे त्या वेळी प्रोफेसर बोलत नव्हते, तर गुंगीत होते," सेलीनताई पुढे म्हणाल्या. "चहा यायच्या आधीच. मग औषध चहातून गेलंच नाही. बघा ना, ज्याने मुद्दाम मध मागवला, त्याने चहा प्यायला आणि बरणीची पट्टीसुद्धा फाडली नाही? तो चहा कोणी प्यायलाच नाही. कोणीतरी ओतून दिला आणि कपाच्या तळाशी गोळ्यांची पूड कालवून ठेवली. किटलीत घालायचं मात्र राहिलं. औषध गेलं ते जेवणानंतरच्या गोळ्यांबरोबर. त्या गोळ्या कोण देत होतं, ते त्याने स्वतःच सांगितलंय."

सगळ्यांच्या नजरा किरिलकडे वळल्या.

"मी हॉलमध्ये होतो," किरिल म्हणाला.

"होतास. तुझ्याऐवजी टॅबलेट खोलीत होता. म्हातारा झोपला, तू व्याख्यान लावलंस, मधलं दार ओढलंस आणि खाली जाऊन जियादला चिकटून राहिलास. सरावाला रबिया येणार, हे तुला ठाऊक होतं. ती ऐकेल आणि नंतर तिच्यावरच बोट दाखवता येईल. सायमन आपसूक सापडला."

"पण का?" जियादने विचारलं. "हा तर त्यांना देव मानतो."

"देवाने शब्द बदलले म्हणून." सेलीनताईंनी आतल्या खुर्चीवरची कापडी पिशवी आणून टेबलावर ठेवली. "कवळीच्या माणसाला हा पाव खाता येत नाही. त्यांना तो सभेत दाखवायचा होता. रबिया, अशी पिशवी तुमच्या लोकांत कशासाठी भरून ठेवायचे?"

रबियाने पिशवीतला एक तुकडा हातात घेतला. "रात्री पोलीस उचलून नेतील म्हणून. दाराशी तयार असायची. कित्येक घरांत असायची, रशियनांच्यासुद्धा. माझ्या आजीने स्टालिन मेल्यावरही ती टाकली नव्हती."

"म्हणजे भाषण नेहमीचं नव्हतं. आणि किरिलला ते माहीत होतं. म्हणून ॲम्ब्युलन्स दूर जायच्या आत तो जुनं भाषण वाचायला निघाला. गुरूवर शत्रूंनी विषप्रयोग केला आणि शिष्याने त्याचे शब्द जगापुढे ठेवले, असं व्हायला हवं होतं."

किरिलने बॅग छातीशी धरली. कॅप्टन शांतपणे पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला. क्षणभर वाटलं, तो झटापट करील. पण त्याने बॅग सोडली.

"त्यांना इजा करायची नव्हती," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज तरुण वाटला. "फक्त संध्याकाळपर्यंत झोपायला हवे होते. हिवाळ्यात त्यांची आई गेली. पलंगाखाली अशी पिशवी निघाली. इतकी वर्षं, त्यांची एवढी पुस्तकं आली तरी म्हातारी तयारीत बसलेली, आणि मुलाला एका शब्दाने बोलली नाही. त्या दिवसापासून ते खचले. गेल्या रविवारी रात्री मला म्हणाले, दोह्यात मी सगळं परत घेणार. सगळं! लाखो लोक ज्यावर उभे आहेत ते! मी त्यांना वाचवत होतो. त्यांच्यापासूनच."

"तू दार उघडलंस तेव्हा ते रक्तात पडले होते," सेलीनताई म्हणाल्या. "गुंगीत उठायला गेले आणि पलंगाच्या कोपऱ्यावर आपटले. ते तुझ्या योजनेत नव्हतं, मान्य. पण जियाद बाहेर फोनवर होता, तेवढ्यात तू काय केलंस? व्याख्यान केव्हाच संपलं होतं, टॅबलेट तेवढा उचललास. कपभर चहा ओतून दिलास. खिशातली पूड कालवून कप त्यांच्या हाताशी ठेवलास. मग हाक मारलीस."

कॅप्टनने किरिलच्या कोपराला धरलं तेव्हा तो मुकाट्याने उठला.

सायमन अजून दारापाशीच होता. किरिल समोरून गेला तेव्हा त्याने सवयीने बाजूला होऊन दार धरलं. मग आपण काय केलं हे ध्यानात येऊन तो तिथेच खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागला. जियाद आधी गांगरला, मग त्याच्याशेजारी गालिच्यावर बसून पाठीवर हात फिरवत राहिला.

टॅबलेटमध्ये बुधवारी दुपारी कोणतं व्याख्यान चाललं होतं, हे पोलिसांना लगेच सापडलं. दुसऱ्याच दिवशी सायमनचा पासपोर्ट परत मिळाला. हॉटेलने त्याला कामावर बोलावलं आणि माफीचा केकही पाठवला. केक स्टेफीने शाळेत नेला. "टेल देम एव्हरीथिंग," असं तिने निघताना आईला सांगितलं होतं म्हणे, म्हणून आंद्रियाने वर्गशिक्षिकेला फोन करून सगळं सांगितलं.

त्याच आठवड्यात प्रोफेसर शुद्धीवर आले. कॅप्टनला जबाब घ्यायचा होता, आणि रशियन दुभाषी म्हणून पुन्हा रबियालाच बोलावलं. विम्याच्या कामासाठी सेलीनताई आणि स्वानंदही हजर होते.

डोक्याला पट्टी बांधलेला तो माणूस उशीला टेकून बसला होता. फोटोंतल्यापेक्षा कितीतरी लहान दिसत होता. किरिलबद्दल त्याला सांगून झालं होतं.

"तक्रार नोंदवायची आहे का?" कॅप्टनने विचारलं. रबियाने ते रशियनमध्ये सांगितलं.

प्रोफेसर हळूहळू, दम खात बोलले. रबिया एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेली, स्वर न चढवता, जेवढं होतं तेवढंच.

"गोळ्या त्याने दिल्या, ते लिहा. पण मोठ्या कामासाठी एखादा माणूस आडवा आला तर त्याला बाजूला सारावं लागतं, हे त्याला मी शिकवलं. पुस्तकं लिहून शिकवलं. तेही लिहा."

कॅप्टनने पहिलं वाक्य लिहून घेतलं. दुसऱ्यापाशी त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मान वर करून रबियाकडे पाहिलं. हे तक्रारीत कसं बसवायचं, ते त्यांना कळत नसावं.

रबियाने खुर्ची पलंगाच्या आणखी जवळ ओढली. मग तेच वाक्य तिने पुन्हा सांगितलं, या वेळी अरबीत, सावकाश, कॅप्टनला शब्दन् शब्द उतरवून घेता येईल असं.